ग्रहणातल्या दोन खुर्च्या

ग्रहण बघायला जमणाऱ्या गर्दीचा मला राग येतो. ग्रहणाला घाबरून खिडक्या लावून बसणाऱ्यांचा येतो त्यापेक्षा थोडा जास्तच. घाबरणारे निदान ग्रहणाकडे लक्ष देऊन असतात. कधी लागलं, मध्य कधी, सुटलं कधी, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. गर्दीतला माणूस काळ्या चष्म्यातून दोन सेकंद वर बघतो, "हां, दिसलं" म्हणतो आणि लगेच सेल्फी काढतो. मग मुद्दाम वडापाव खातो, कारण ग्रहणात खाणं हे हल्ली शौर्याचं काम झालंय. आणि या गर्दीपुढे माईक घेऊन उभा असतो तो माझा नवरा. त्यामुळे हा राग मला वर्षातून एकदा-दोनदा येऊन संपत नाही, रोज जेवताना समोरच्या खुर्चीत बसलेला दिसतो.

तो वाईट माणूस नाही, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. नसेल. डोंबिवलीत त्याला सगळे सर म्हणतात, शिकवत कुठेच नसला तरी. नोकरी आयटीत, पण शनिवार-रविवारी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या शाळेत त्याचं आकाशदर्शनावर व्याख्यान असतंच. माणूस चंद्रावर चालून आला, माणसं महिनोन्‌महिने अंतराळात राहतात, तिथून दिवसाला पंधरा-सोळा सूर्योदय बघतात, आणि आपण अजून ग्रहणात पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकतो, या वाक्यावर टाळी ठरलेली. मी ती टाळी इतक्या वेळा ऐकलीय की भांडी घासतानासुद्धा ती कुठे पडेल ते सांगू शकते.

आमची ओळख खडवलीला झाली. स्टेशनच्या पलीकडे नदीकाठच्या एका शेतात आमचा आकाशदर्शनाचा गट अमावास्येच्या जवळच्या शनिवारी जमायचा. मी त्या गटातली जुनी, तो नवा आलेला. त्याला देवयानी दीर्घिका सापडत नव्हती. मी त्याची मान धरून, अक्षरशः धरून, योग्य दिशेला वळवली होती. त्याला आकाशात काही सापडत नसे, पण दुसऱ्याने शोधून दिलेल्या गोष्टीबद्दल बोलायला त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पाच मिनिटांत तो शेजारच्या चार जणांना देवयानी समजावून सांगत होता. तेव्हा मला ते गोड वाटलं. तेव्हा बरंच काही गोड वाटत होतं.

दुर्बीण माझी होती. हे मला ठळक लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे ती आधी "आमची" झाली, मग "गटाची", आणि आता शाळेतली मुलं तिला "सरांची दुर्बीण" म्हणतात. तिचा सहा इंची आरसा मी माहेरच्या गॅलरीत स्वतः घासला. काचेच्या दोन जाड चकत्या एका पिंपावर एकीवर एक ठेवायच्या, मध्ये पाणी आणि खरबरीत पावडर टाकायची, आणि वरची चकती पुढे-मागे घासत पिंपाभोवती हळूहळू फिरत राहायचं. फिरायचं म्हणजे सगळीकडून सारखं घासलं जातं. वरची चकती मधे खोल होत जाते, आणि तोच पुढे आरसा होतो. पावडर बारीक, अजून बारीक करत न्यायची. प्रत्येक वेळी पिंप, हात, नखं, गॅलरीची फरशी सगळं धुऊन काढायचं, कारण आधीच्या पावडरीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो आणि पुन्हा मागे जावं लागतं. मी तशी दोनदा मागे गेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला विचारलं होतं की तुम्ही घरात गिरणी टाकलीत का. शेवटी पॉलिशची लाल पावडर आली आणि माझे सगळे पंजाबी ड्रेस लाल झाले. आई म्हणाली, मुली मेंदी काढतात आणि आमच्याकडे हे. पण आरसा असा उतरला की त्यातून शनीची कडी पहिल्यांदा बघितली तेव्हा आईनेच मला बाजूला सारून तीनदा बघितली.

लग्नानंतर ती दुर्बीण माझ्याबरोबर टेम्पोतून सासरी आली. गटातल्या एका गृहस्थांनी हुंड्यात दुर्बीण मिळाली असा विनोद केला, आणि माझा नवरा हसला. मी त्या गृहस्थांशी त्यानंतर बोलले नाही. नवऱ्याशी बोलावंच लागलं.

आता सासूबाई. सासूबाईंचं आणि माझं पटत नाही. हे मी त्यांच्यासमोरही म्हणते आणि त्याही माझ्यासमोर म्हणतात, त्यामुळे त्यात चोरी काही नाही. आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या, आणि एकदा बोललेला शब्द मागे न घेणाऱ्या बाई आहेत त्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावरचं सगळं त्या पाळतात आणि पुढच्या पानावरचंही. मी स्वयंपाकघरात तारखांबद्दल काही बोलले तर त्या ऐकून घेतात, आणि मग कॅलेंडरात बघून येतात. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तो आहे असं त्यांनी कधी दाखवलंही नाही.

ते ग्रहण दिवाळीत आलं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध एक रिकामा दिवस, आणि त्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण. डोंबिवलीतून दिसणार होतं ते असं की सूर्याचा तुकडा खाल्लेला असताना तो तसाच मावळणार. पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. मी आयुष्यात चंद्रग्रहणं भरपूर बघितली, सूर्यग्रहणंही बघितली, पण तुकडा गेलेला सूर्य क्षितिजावर टेकताना कधी पाहिला नव्हता. इथून दिसेल असं पुढचं सूर्यग्रहण पावसाळ्यात आहे. म्हणजे ढग.

मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. तरी श्रावणापासून जिने चढून गच्चीवर जाऊन बघत होते की सूर्य कुठे मावळतो. आमच्या गच्चीवरून पश्चिमेला काही आड येत नाही. लांब पारसिकचा डोंगर दिसतो आणि ऑक्टोबरअखेर सूर्य बरोबर त्या डोंगराच्या पाठीवर उतरतो. माझं ठरलं होतं. दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठ्याची झाकणी, झाकणीला छोटं भोक, आणि भिंगातून येणारं सूर्याचं बिंब समोरच्या पांढऱ्या कागदावर घ्यायचं. डोळा लावायची गरज नाही. कागदावर पुरीएवढा सूर्य पडतो आणि त्याच्या कडेला चावा दिसतो. झाकणी मी गणपतीतच कापून ठेवली होती.

नवऱ्याने गच्चीचं ऐकलं आणि मैदान ठरवलं. त्याचं म्हणणं, गच्चीवर किती माणसं मावणार. मी म्हटलं, मला एकटीला ती पुरते. त्याला तो विनोद वाटला. मी त्याला सांगितलं की मैदानाच्या पश्चिमेला तो नवा टॉवर उभा राहतोय, सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी त्याच्या आड जाईल, ग्रस्तास्त राहील बाजूला आणि तुम्ही बांबू बघत बसाल. तो म्हणाला, अगं, लोकांना तेवढं कळत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की याला ग्रहण दाखवायचं नाहीये, कार्यक्रम करायचा आहे. पण निदान मी आपली ग्रहणाचा चष्मा घेऊन गच्चीवर जाईन आणि दुर्बीण त्याला नेऊ दे, इथपर्यंत मी खाली आले.

मग वसुबारसेच्या दिवशी जेवताना सासूबाईंनी सांगितलं की ग्रहणाच्या दिवशी मी खोलीत पडून राहायचं. दुपारपासून काही खायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, वाकायचं नाही, हातपाय सरळ ठेवून उताणं पडायचं, आणि ग्रहण नजरेला पडू द्यायचं नाही. त्यांनी ते विनंती म्हणून सांगितलं नाही आणि धमकी म्हणूनही नाही. कचेरीत सुट्टीचं पत्रक वाचून दाखवावं तसं सांगितलं आणि ताटात आमटी घेतली.

मी नवऱ्याकडे बघितलं. माझी खात्री होती. हाच विषय त्याचा हुकमी. गरोदर बाईने ग्रहणात सुरी धरली म्हणून बाळाचा ओठ फाटत नाही, हे तो स्लाईड लावून, चित्रं दाखवून शेकडो लोकांना सांगत आला होता. तो मान खाली घालून भात कालवत होता.

खोलीत आल्यावर तो म्हणाला, "अगं, एक दिवस. आईचं मन राख ना. तुला माहितीच आहे की यात काही नसतं. मग पडून राहिलीस तर तुझं काय जातं?"

मी म्हटलं, "ग्रहण जातं."

तो हसला आणि मला जवळ घ्यायला आला. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमच्या शाळेत फळ्यावर लिहिलेलं असायचं. फळ्यावरची वाक्यं पुढे नवरा होऊन घरात येतात हे शाळेत कोणी सांगत नाही. मी माहेरी फोन केला. आई म्हणाली, पहिलटकरीण आहेस, पदरी पडलं पवित्र झालं, उगाच दिवाळीत वाद नको. म्हणजे तिकडूनही काही आशा नव्हती.

का ऐकलं मी? थकले होते म्हणून. पाय सुजत होते, रात्रीची झोप नव्हती, आणि घरात तीन माणसांपैकी दोन एका बाजूला असली की तिसऱ्याने रोज उठून भांडायला अंगात जोर लागतो. माझ्या अंगात तेव्हा जो काही जोर होता तो दुसऱ्याच कुणीतरी वापरत होतं.

ग्रहणाच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून उपाशी होत्या. फराळाच्या प्रत्येक डब्यात तुळशीचं पान ठेवलेलं होतं, चकलीच्यासुद्धा. मला त्यांनी बाराच्या आत गरम वरणभात वाढला, समोर बसून सगळा खायला लावला, आणि मग स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्री, सुयांचा डबा गोळा करून कपाटावर ठेवायला लागल्या. मोठी सुरी आणि भाजी चिरायचा लाकडी पाट काही त्यांना सापडेना. मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, मी नाही घेतलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की ही लपवून ठेवून ग्रहणात काहीतरी चिरणार आहे. मी ती नजर तशीच परत केली.

नवरा तीनच्या सुमाराला निघाला. दुर्बीण, तिपाई, पांढरा कागद, माझी झाकणी, चष्म्यांचा अख्खा खोका. मी एक चष्मा ठेव म्हटलं तर म्हणाला, कशाला, तू आत असणार आहेस. जाताना तो आईच्या पाया पडला. त्याला ग्रहणात बाहेर जाऊ नकोस असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. पुरुषाला ग्रहण लागत नाही बहुतेक.

मग मी पडले. खिडकीवर जाड चादर, दार लोटलेलं, बाहेर हॉलमध्ये सासूबाईंचा जप. खोलीत उकाडा आणि कालच्या फटाक्यांचा वास. बाळ सारखं लाथा मारत होतं. मोबाईल मात्र माझ्या हातात होता, कारण कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोबाईलबद्दल काही छापलेलं नव्हतं. पाचनंतर गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले. मैदान, पोरांची रांग, कागदावरचा सूर्य, त्याच्या वरच्या कडेला पडलेला खड्डा. फोटोतला सूर्य बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

त्याच्यापुढचा फोटो एका बाईचा होता. हिरवी साडी, आठवा महिना असावा असं पोट, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. तिच्यासमोर टेबल, टेबलावर दुधी, आणि दुधीखाली आमच्या घरचा पाट. आमचीच सुरी. खाली नवऱ्याने लिहिलं होतं की कल्याणजवळच्या मोहने गावच्या या धाडसी ताई आज ग्रहणात भाजी चिरून अंधश्रद्धेला उत्तर देणार आहेत. त्याखाली टाळ्यांचे हात एकाखाली एक आलेले.

मी तो फोटो मोठा करून बघितला. पाटाला एका कोपऱ्यात करपल्याचा डाग आहे, तो माझ्या हातून पडलेला. म्हणजे दुपारी सासूबाई घरभर सुरी शोधत होत्या आणि हा तिथेच चहा पीत बसला होता, सुरी त्याच्या पिशवीत. त्याला ग्रहणात बसवायला एक गरोदर बाई हवीच होती. फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली हवी होती.

मी उठले. सासूबाई हॉलमध्ये माळ घेऊन बसल्या होत्या. मी चपला घातल्या तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"कुठे?"

"ग्रहण बघायला."

"मी नको म्हणून सांगितलंय."

"हो. सांगितलंय तुम्ही."

त्या काही वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "जायचं तर जा. मी हो म्हणणार नाही." आणि डोळे मिटून घेतले. दार त्यांनी अडवलं नाही.

गच्चीवर गेले असते तर कदाचित चांगलं झालं असतं. पण चष्मे सगळे मैदानावर होते, उघड्या डोळ्यांनी सूर्य बघायचा नसतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सूर्यापेक्षा नवरा बघायचा होता. मैदान आमच्यापासून दोन गल्ल्या. रस्त्यावर दिवाळी असून शुकशुकाट, निम्मी दुकानं बंद. गल्लीत बिल्डिंगी इतक्या खेटून आहेत की सूर्य कुठे दिसत नव्हता. प्रकाश मात्र फिका पडला होता, आजारी माणसाच्या खोलीत असतो तसा.

मैदानात शे-दोनशे माणसं असतील. सगळी पश्चिमेकडे तोंड करून. सूर्य टॉवरच्या जरा वर होता, अजून वेळ होता. मी सरळ टेबलाकडे गेले, कारण चष्म्यांचा खोका टेबलाखाली दिसत होता. मी वाकणार तेवढ्यात नवऱ्याने मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. ती मी व्यवस्थित बघितली, आणि मला बरं वाटलं. पण बोलणाऱ्या माणसाची भीती फार टिकत नाही. त्याने माईक वर घेतला.

तो म्हणाला की मित्रहो, मी तुम्हाला इतका वेळ एक गोष्ट सांगितली नव्हती. मी जे बोलतो ते आधी स्वतःच्या घरात करतो. या माझ्या पत्नी, सातवा महिना, आणि ग्रहण चालू असताना त्या स्वतः चालत इथे आल्या आहेत.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गटातल्या दोघींनी मला कौतुकाने दंडाला धरलं. कुणीतरी दुसरी खुर्ची आणली. मी म्हणत होते की मला आधी बघू दे, मला दुर्बिणीकडे जायचंय, पण टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि लाजतेय असं वाटलं. मला त्या बाईच्या शेजारी बसवलं. लोक पश्चिमेकडे बघत होते, म्हणजे त्यांच्यासमोर मांडलेल्या आमच्या खुर्च्यांची पाठ सूर्याकडे होती. शंभर माणसांचे चेहरे मला उन्हात दिसत होते, आणि ते चेहरे जे बघत होते ते माझ्या मागे होतं.

मोहन्याची ती बाई माझ्यापेक्षा लहान होती. सुरी तिने दोन्ही हातांत धरली होती आणि दुधीला अजून लावली नव्हती. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, तुमची तब्येत बरी आहे ना आता? सर म्हणले तुम्ही ॲडमिट आहात."

मी विचारलं, अजून काय म्हणाले सर.

तिने सांगितलं. तिची मोठी मुलगी ज्या शाळेत आहे तिथे सरांचं व्याख्यान झालं होतं. सर म्हणाले, माझी बायकोच बसणार होती, पण ती दवाखान्यात आहे, तिच्या जागी कोणी मिळत नाही. मुलीच्या वर्गाच्या बाईंनी शाळेत विचारलं तेव्हा हिला नाही म्हणता आलं नाही. घरातून भांडून आली होती. सासूने दोन दिवस अबोला धरला होता.

"काही होणार नाही ना हो?" तिने विचारलं.

"काही होत नाही," मी म्हटलं. "खरंच होत नाही."

"मग तुम्हाला का नव्हतं आणलं?"

समोर नवरा माईकवरून सूर्य आणि चंद्राची अंतरं सांगत होता. मी तिला म्हटलं की त्यांच्या आईला भीती वाटते.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला फक्त समजत नव्हतं. म्हणाली, "माझ्या सासूला पण वाटतेच की."

मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. तिला विचारलं, तुम्ही ग्रहण बघितलंत का. ती नाही म्हणाली. ती चारपासून या खुर्चीवर होती, आणि तिला कुणी मागे वळून बघायला चष्मासुद्धा दिला नव्हता. मी तिला म्हटलं, चला. आम्ही दोघी टेबलाला धरून उठलो. उठायला आम्हाला वेळ लागतोच. तेवढ्यात कुठल्याशा लोकल चॅनेलचा माणूस कॅमेरा घेऊन आला, नवरा आमच्या दोघींच्या मधे येऊन उभा राहिला, आणि कुणीतरी सुरी परत माझ्या हातात दिली. बस एक मिनिट, म्हणाले. एक बाईट. इकडे बघा. दुधीवर सुरी ठेवा, चिरू नका अजून, हां, आता चिरा.

मी म्हटलं, "मला ग्रहण बघायचंय."

नवरा कॅमेऱ्याकडे हसत होता. हसता हसताच, ओठ न हलवता म्हणाला, "दोन मिनिटं गं."

चिरला मी दुधी. त्याची एक चकती काढली, आणि टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्या संपताना समोरची माणसं एकदम "अरे" म्हणाली आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचं ऊन गेलं. मी मागे वळले. टॉवरची परांची तेवढी दिसत होती, बांबूंच्या मागे लाल उजेड, आणि सूर्य कुठेच नाही. दुर्बिणीपुढचा कागद पांढरा पडला होता. रांगेतली पोरं पांगायला लागली. आमच्या गच्चीवर त्या वेळी ऊन असणार होतं, हे मला माहीत होतं. तिथून तो अजून बराच वेळ दिसला असता.

मोहन्याची बाई म्हणाली, "गेलं का?" मी हो म्हटलं. तिने पदर सावरला आणि घरी कशी सोडणार आहेत ते विचारायला लागली. तिला रिक्षात बसवून देईपर्यंत मी तिच्याबरोबर उभी राहिले. ती जाताना मला नमस्कार वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं तिने?

एका बाजूला मला उताणं पाडून ठेवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर मांडून ठेवणारी. दोघांनाही माझं पोट हवं होतं. मला डोळे आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यातला एक तर माझ्याच दुर्बिणीतून आकाश बघायला शिकलेला.

घरी चालत येताना तो खुशीत होता. तू आलीस त्यामुळे कार्यक्रमाला उंची आली म्हणाला. आईला मी समजावतो म्हणाला. मी विचारलं, मी ॲडमिट होते का. तो म्हणाला की अगं, काहीतरी सांगावं लागतं यार, लोक आढेवेढे घेतात. मी म्हटलं, ती बाई घाबरलेली होती. तो म्हणाला, म्हणूनच तर ते महत्त्वाचं आहे. या माणसाशी भांडता येत नाही. तुम्ही काहीही बोललात तरी ते त्याच्या पुढच्या व्याख्यानात जातं.

दार सासूबाईंनी उघडलं. सूर्य मावळल्यावर त्यांनी अंघोळ केली होती, केस ओले होते. त्या अजून उपाशीच होत्या. सूर्य ग्रहण घेऊनच मावळला तर दुसऱ्या दिवशीचं स्वच्छ बिंब बघितल्याशिवाय जेवायचं नाही, असा त्यांचा नियम. मला त्यांनी आधी पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. मग नवऱ्याच्या हातातल्या पिशवीतून बाहेर आलेला पाट बघितला. पाट घेतला, उलटा करून करपलेला डाग बघितला आणि मोरीत नेऊन ठेवला. मी खुर्चीत बसले, माझे पाय दुखत होते.

त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "पाहिलंस?"

"नाही."

"मग एवढी गेलीस कशाला?"

"बघायलाच गेलेले. यानं नाही बघू दिलं. तिकडे लोकांसमोर खुर्चीवर बसवलं, सुरी देऊन. सूर्याकडे पाठ करून."

नवरा घाईने सांगायला लागला की आई, तसं नाही, लोकांना किती प्रेरणा मिळाली, चॅनेलवाले आले होते, हिचं किती कौतुक झालं. सासूबाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. त्यांची सवयच आहे ती.

मग म्हणाल्या, "म्हणजे तूही बसवूनच ठेवलीस तिला. मी निदान तोंडावर सांगून ठेवलं होतं."

तो काही बोलला नाही. माझ्या पाहण्यातली ती पहिली वेळ. सासूबाईंनी माझ्यासाठी कुकर लावला आणि स्वतः पाणीसुद्धा न पिता आत जाऊन पडल्या. या घरात आल्यापासून त्या आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला होतो, आणि मला तेही आवडलं नाही.